मॉन्ट्रियल लांब पडतं

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधली निम्मी मराठी माणसं विनय लांजेवारांना 'काका' म्हणतात आणि उरलेली निम्मी 'जजसाहेब'. दुसरं नाव पाठीमागं घेतलं जातं, पण ते त्यांना ठाऊक आहे आणि, खोटं कशाला बोला, आवडतंही. कायद्याशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांनी तो आयुष्यात कधी मोडला नाही. तुमसरचा मुलगा, नागपूरला मेकॅनिकल, मग मिशिगनमध्ये एमएस आणि पुढची सगळी वर्षं गाड्यांचे ब्रेक. गाडी कुठं थांबवायची हे ज्याला कळतं त्याला माणसंही कुठं थांबवायची हे कळत असणार, असा लोकांनी समज करून घेतला. तो मोडायची लांजेवारांनाही कधी घाई झाली नाही.

सुरुवात गणपतीपासून झाली. नव्वदच्या दशकात मराठी मंडळ नवं होतं. मूर्ती मुंबईहून मागवलेली, एकच, दरवर्षी तीच बसवायची. विसर्जन म्हणजे बादलीभर पाण्यात सुपारी बुडवायची आणि मूर्ती पुसून, बबलरॅपमध्ये गुंडाळून कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये ठेवायची. ते बेसमेंट कुणाचं, यावरून दोन घरांत जुंपली. एक म्हणाले, आमचं बेसमेंट कोरडं आहे. दुसरे म्हणाले, तुमच्या बेसमेंटमध्ये बार आहे. प्रकरण इतकं चिघळलं, की दोन्ही बायका एकाच हळदीकुंकवात एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

लांजेवारांनी दोघा नवऱ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. लताकाकूंनी पिठलं-भाकरी केली. जेवण होईपर्यंत विषय काढायचा नाही, असा दम लांजेवारांनी दारातच दिला. दोघांना टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलं, म्हणजे एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि भांडण अर्धं होतं. मग हात धुतल्यावर निकाल सांगितला: मूर्ती दोघांच्याही घरी जाणार नाही, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमाची भांडी दोघं मिळून घासतील. भांडी घासता घासता दोघांची गट्टी झाली. पुढं त्यांची मुलंही एकमेकांत लग्न करून बसली, त्याचं श्रेय लांजेवार घेत नाहीत, पण नाकारतही नाहीत.

तेव्हापासून ते टेबल म्हणजे कोर्टच झालं. कारपूलमध्ये रोज तीच गाणी लावणारा शेजारच्या ट्रॉय गावचा माणूस, मंडळाच्या नाटकात नायिका कुणी व्हायचं, भागीदारीत काढलेल्या डब्याच्या धंद्यात उसळ कुणी पातळ केली, सुनेनं सासूला एअरपोर्टवरून आणायला उबर का पाठवली, सगळं तिथं आलं. नियम तेच. आधी जेवण, एकाच बाजूला बसणं, लिहून काही ठेवायचं नाही, आणि शिक्षा म्हणजे भांडी. नोव्हायमधले मोठमोठे डायरेक्टर लोक कम्युनिटी सेंटरच्या सिंकपाशी बाह्या सरसावून उभे राहिलेले लोकांनी पाहिले आहेत. लांजेवारांचा शब्द खाली पडत नसे.

लोक खऱ्या कोर्टात का जात नसत, हे इथं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आपल्या माणसांना अमेरिकेत दोनच गोष्टींची खरी भीती असते: बर्फावर घसरण्याची आणि सरकारी दफ्तरात नाव येण्याची. कोर्टात गेलं की नाव येतं, नाव आलं की पुढच्या व्हिसाच्या वेळी कुणीतरी ते वाचतं, आणि मग काय होतं हे कुणालाच नक्की माहीत नसतं. त्यापेक्षा काका बरे. काका जेवायलाही घालतात.

नोकरी संपली तेव्हा लांजेवार बासष्टचे होते. पहिला महिना त्यांनी घरात काढला आणि लताकाकूंच्या फोडणीपासून कपाटांपर्यंत सगळ्यावर मत दिलं. लताकाकू पुण्याच्या, त्या फार वेळ ऐकून घेत नाहीत. "निकाल द्यायचेच असतील तर बाहेर जाऊन द्या," त्या म्हणाल्या. आणि अगदी तसंच झालं.

नोव्हायपासून तासाभराच्या अंतरावर नदीकाठी एक जुनं गाव उभं केलेलं आहे. डेट्रॉइटचा सगळा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि अमेरिका नावाचा देश धड जन्मलाही नव्हता, त्या काळातलं गाव. ओंडक्यांची घरं, टोकदार कुंपण, एक लोहार, आणि जुने कपडे घालून हिंडणारे हौशी लोक. उन्हाळ्यात दर शनिवारी तिथं एक छोटा प्रयोग होतो. त्यातला न्यायाधीश फ्लोरिडाला राहायला गेला होता. ते गाव चालवणारी कॅरोल नावाची बाई, शाळेत नाटक शिकवून निवृत्त झालेली, लांजेवार एकदा तिथं फिरायला गेले तेव्हा तिनं त्यांचा आवाज ऐकला, शनिवार मोकळे आहेत ना एवढं विचारलं आणि त्यांच्या हातात लाल कोट आणि लोकरीच्या केसांचा टोप ठेवला. इंग्रज न्यायाधीश भंडारा जिल्ह्यातला कसा, असा प्रश्न तिला पडला नाही. मंडळात मात्र आठवडाभर चेष्टा झाली. "काका, पणजोबांनी ज्यांना हाकललं त्यांचाच कोट?" असं कुणी म्हणालं की लांजेवार म्हणत, "कोट उतरवून घेतलाय, असं समज."

प्रयोगाची गोष्ट कॅरोलनं थोडी इतिहासातून आणि बरीचशी मनानं रचली होती. इंग्रजांचा असा हा दूरचा किल्ला. आजूबाजूला जंगल आणि पाणी. सरकारनं इथल्या एका व्यापाऱ्याच्या हातात सनद दिली आणि सांगितलं, तू इथला न्यायाधीश. सनद लहान होती. शिवीगाळ, मारामारी, कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरली, एवढंच त्यानं बघायचं. जिवाशी गाठ असेल असं काही घडलं, तर कैदी, साक्षीदार, सगळे होडीत घालून मॉन्ट्रियलला पाठवायचे. खरं कोर्ट तिथं. पण वाटेत समुद्राएवढी तळी, आणि साक्षीदार म्हणजे कातड्यांचे व्यापारी, त्यांना हंगाम सोडून जायला सवड नाही. मॉन्ट्रियल लांब पडतं, असं जो तो म्हणायचा. मग एका कोठाराला आग लागते, एका नोकरावर आळ येतो, आणि आपला न्यायाधीश ते प्रकरणही स्वतःच चालवतो. बारा व्यापारी माना डोलावतात. ढोल वाजतो. फाशी दाखवत नाहीत, कारण प्रेक्षकांत मुलं असतात.

शेवटी कॅरोल पुढं येऊन विचारायची, "ह्याला हा अधिकार कुणी दिला?" आणि मुलं एका सुरात ओरडायची, "नोबडी!"

लांजेवारांना हे पटत नसे. प्रयोग झाला की दोघं पायरीवर बसत. ते डब्यातला चिवडा पुढं करत आणि त्या न्यायाधीशाची वकिली करत. माणूस वाईट नव्हता, ते म्हणत. गावात शिस्त कुणीतरी लावायला हवीच होती. वरचं कोर्ट एवढं लांब ठेवलं ही सरकारची चूक, त्याची कशी?

"शिस्त सगळ्यांनाच हवी होती," कॅरोल चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणायची. "म्हणून तर त्याला कुणी अडवलं नाही. त्या नोकराला सोडून सगळे खूश होते."

हिनं कधी मंडळ चालवलेलं नाही, असं लांजेवारांच्या मनात येई. पण ते तसं बोलत नसत.

हंगाम संपला, कोट आणि टोप पेटीत गेले, आणि ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी सौमित्रचा फोन आला. सौमित्र मंडळाचा सेक्रेटरी. चुणचुणीत माणूस, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा, आणि म्हणूनच सगळ्यांना आपला मिंधा करून ठेवणारा.

"काका, जरा घरगुती मॅटर आहे. माझा आतेभाऊ निमिष आणि त्याची बायको. थोडं भांडण झालंय. तिच्या हाताला जरा लागलंय. तुम्ही दोन शब्द सांगितलेत तर बरं होईल."

"लागलंय म्हणजे?"

"म्हणजे... झालं काहीतरी रागाच्या भरात. पोलिस-बिलिस नको यार काका. त्याचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. तिचंही सगळं त्याच्याच व्हिसावर आहे. त्याचं गेलं तर दोघंही गेले."

लांजेवार म्हणाले, "उद्या जेवायलाच घेऊन ये." सवयीनं म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी लताकाकूंना उद्या आणखी तीन पानं वाढायला सांगितलं आणि काय झालंय तेही सांगितलं. लताकाकूंनी गवार निवडायला घेतली, आणि ती नेहमीपेक्षा जास्त बारीक मोडली गेली.

रविवारी ते आले. निमिष तिशीचा, आयटीतला, वागायला फार गोड. दारातच वाकून नमस्कार केला, बूट नीट जोडीनं ठेवले, काकूंसाठी मिठाईचा डबा आणला होता. त्याच्या मागं हिमानी. अमरावतीची मुलगी, लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी इथं आलेली. तिला नोकरी करायला परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, मंडळाच्या कार्यक्रमांत ती मागच्या रांगेत दिसायची. लांब बाह्यांचा कुडता, आणि उजव्या बाहीतून मनगटाचा पट्टा डोकावत होता, दवाखान्यात देतात तसला, कडक.

"जिन्यावरून पडली," सौमित्र म्हणाला. कुणी विचारलं नसताना, आणि कालच फोनवर दुसरंच सांगितलेलं असताना.

नियमाप्रमाणे दोघांना एका बाजूला बसवलं. निमिष डावीकडं, हिमानी त्याच्या उजवीकडं. तिनं बसताना खुर्ची थोडी सरकवली. मग आणखी थोडी. टेबल संपलं तिथं ती थांबली. इतक्या वर्षांत त्या बाजूला बसलेल्या माणसांना लांजेवारांनी चिडलेलं पाहिलं होतं, रुसलेलं पाहिलं होतं, एकदा तर दोघांनी एकमेकांच्या ताटातलं लोणचं पळवलं होतं. पण खुर्ची सरकवणारं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारी बसवण्यामागं आपण काय विचार केला होता, हे त्यांना त्या क्षणी नीट आठवेना.

जेवण झालं. हिमानी डाव्या हातानं, चमच्यानं भात खात होती. भाकरी तशीच राहिली. लताकाकूंनी तिच्या ताटातली भाकरी उचलली, कुसकरली, वरून गवारीचा रस्सा घातला आणि ताट पुन्हा तिच्यापुढं ठेवलं. निमिष तेव्हा सौमित्रशी कुठल्याशा क्रिकेट मॅचबद्दल बोलत होता.

हात धुऊन झाल्यावर लांजेवार खुर्चीत सावरून बसले. "हं. बोल निमिष."

निमिष चांगलं बोलला. हे कबूल करायला हवं. त्यानं काही लपवलं नाही, निदान लपवत नसल्यासारखा बोलला. ऑफिसात ले-ऑफची भीती आहे, रात्री क्लायंटचे कॉल असतात, घरी आल्यावर डोकं तापलेलं असतं. त्या दिवशी हिमानी काहीतरी बोलली, त्यानं हात धरला, पिरगळला गेला, हाड मोडलं. "माझं चुकलं काका. मी मान्य करतो. एकदाच झालं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते, आणि त्यामुळंच लांजेवारांची जास्त पंचाईत झाली. त्यांना हा पोरगा आवडत होता. त्यांना कोकरासारखी मान खाली घालणारी माणसं नेहमीच आवडत आली होती.

मग सौमित्र बोलला. तिच्या आई-वडिलांना कळवलेलं नाही, त्यांचं बीपी. निमिषच्या आईला कळलं तर ती इकडं येऊन बसेल. घरातली गोष्ट घरातच मिटली तर सगळ्यांचं भलं. "काका, तुम्ही सांगाल ते तो ऐकेल. तुमचा शब्द म्हणजे शब्द."

"आणि म्हणाल ती शिक्षा," निमिष डोळे पुसत, ओलं हसत म्हणाला. "पुढच्या सगळ्या दिवाळ्यांची भांडी माझ्याकडे."

सौमित्र हसला. लांजेवारांच्याही ओठांवर हसू आलंच, सवयीनं, कारण भांड्यांचा विनोद त्या टेबलावर इतक्या वेळा झाला होता की ओठ आपोआप हलत. तेवढ्यात त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. लताकाकू उभ्या होत्या, हातात तो मिठाईचा डबा, न उघडलेला. त्या हसत नव्हत्या. हिमानी टेबलावरच्या भाकरीच्या चुऱ्याकडं बघत होती.

मोडलेल्या मनगटाला भांडी. आपल्याजवळ एवढीच एक शिक्षा आहे, हे लांजेवारांना इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. गाण्यांना भांडी, उसळीला भांडी, आणि ह्यालाही भांडीच. आणि हा पोरगा ते ओळखून होता. म्हणून तर तो इथं आला होता, एवढ्या नम्रपणे, बूट जोडीनं ठेवून.

सौमित्रनं घड्याळाकडं पाहिलं.

लांजेवारांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्यांनी नंतर लताकाकूंना सांगितलं. दुसरा रस्ता समोर सरळ दिसत होता. निमिषला झापायचं, त्याच्याकडून वचन घ्यायचं, दर रविवारी दोघांना जेवायला बोलवायचं, नजर ठेवायची. व्हिसा वाचतो, संसार वाचतो, दोन्हीकडचे आई-वडील वाचतात. लोक म्हणतील, काकांनी घर सावरलं. आणि दुपारी ती मुलगी त्याच गाडीतून त्याच घरी जाईल. मग दार बंद होईल, आणि दारामागं काका नसतील.

"हे माझ्याकडचं नाही," लांजेवार म्हणाले.

"म्हणजे?" सौमित्र म्हणाला.

"मी गाणी-बिणी बघतो. गणपती बघतो. हाड मोडलेलं बघत नाही. ते कोर्टाचं काम आहे."

"कोर्ट?" निमिषचा आवाज अजून गोडच होता. "काका, कोर्ट म्हणजे माझं करिअर संपलं. तिचंही इथलं राहणं संपलं. तुम्हाला तिला परत पाठवायचंय का?"

"मला माहीत नाही कुणाचं काय संपेल ते. माहीत असल्यासारखं बोलायची मला सवय लागली होती. उद्या सकाळी मी हिला घेऊन काउंटीच्या कोर्टात जाणार."

"आणि आज ती इथंच राहील," लताकाकू दारातून म्हणाल्या.

तेव्हा निमिष उठला. खुर्ची मागं पडली. त्याचा चेहरा पालटायला एक क्षण लागला, तेवढाच, पण तो चेहरा त्या घरात प्रथमच सगळ्यांनी पाहिला आणि हिमानी कित्येकदा पाहिल्यासारखी अजिबात दचकली नाही. तो तिच्याकडं वळला. "चल," तो म्हणाला. मध्ये लांजेवार उभे राहिले. ते काही मोठे पैलवान नाहीत, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. पण ते उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून तुमसरची भाषा बाहेर पडली, जी ते मिशिगनमध्ये फक्त फार चिडल्यावर बोलतात.

"काहून रे? माझ्या घरातून ओढून नेतं का पोरीला?"

सौमित्रनं निमिषला दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना सौमित्र दारात थांबला. "काका, लोक इतकी वर्षं तुमच्याकडे ह्याच्यासाठी येतात, की कोर्टात जावं लागू नये. हे तुम्ही बरोबर नाही केलं. यापुढं कोण येईल बघा."

"नाही आले तर भाकऱ्या कमी कराव्या लागतील," लताकाकू म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी लांजेवार हिमानीला घेऊन निघाले. गाडीत ती मागं बसली होती, खिडकीबाहेर बघत. तिनं काही विचारलं नाही आणि त्यांनीही. त्यांच्या फोनवर मंडळाच्या ग्रुपचे मेसेज येत होते. कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, पण 'घर मोडणं सोपं असतं' असं एकानं लिहिलं होतं आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती. त्या रांगेत बेसमेंटवाले दोघंही होते. लांजेवारांना वाईट वाटलं.

कोर्ट अर्ध्या तासावर होतं. मॉलला जाताना उजव्या हाताला दिसणारी ती पिवळट इमारत, तिच्यासमोरून ते हजारदा गेले असतील. ती कसली आहे हे त्यांना माहीत होतं, पण आपला तिच्याशी संबंध आहे असं कधी वाटलं नव्हतं. आत कमरेचा पट्टा काढून तपासणी, मग लांबलचक कॉरिडॉर, मग काचेची खिडकी. त्यामागं एक बाई, गळ्यात चष्म्याची साखळी.

हिमानीनं कशासाठी आलोय ते सांगितलं. नवऱ्यापासून संरक्षणाचा आदेश हवाय. इंग्रजी तिचं चांगलं होतं, हे लांजेवारांना तेव्हा कळलं. त्या बाईनं ते शांतपणे ऐकलं, जणू रोज ऐकत असावी. रोज ऐकतच होती. मग तिनं लांजेवारांकडं पाहिलं.

"तुम्ही तिचे वडील?"

"नाही."

"नातेवाईक?"

"नाही."

"वकील? दुभाषी?"

"नाही."

"मग तुम्ही कोण, सर?"

नोव्हायमध्ये, ट्रॉयमध्ये, फार्मिंग्टनमध्ये ह्या प्रश्नाचं उत्तर कुणालाही विचारलं असतं तरी मिळालं असतं. लांजेवारांनी थोडा विचार केला. "मी गाडी चालवत आलो," ते म्हणाले.

"मग बाहेर बसा, प्लीज."

ते बाहेर बाकावर बसले. तिथं एक जाडगेला माणूस टोपी हातात घेऊन बसला होता, एक आजी नातवाला मांडीवर झोपवून बसली होती. कोपऱ्यात चिप्सचं मशीन. इथं कुणी कुणाला जेवायला घालत नव्हतं आणि कुणाला शेजारी-शेजारीही बसवलेलं नव्हतं. उलट एका दरवाज्यावर पाटी होती, की दोन्ही बाजूंच्या लोकांनी वेगवेगळ्या दारांनी आत जावं. लांजेवारांनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. एवढा साधा विचार आपल्याला सुचू नये, याची त्यांना लाज वाटली. मग त्यांना वाटलं, आपण त्या न्यायाधीशाची बाजू घेत होतो, तेव्हा त्याच्या वाटेत निदान तळी तरी होती.

दुपार व्हायच्या आधी हिमानी बाहेर आली. हातात कागद होता. चेहरा थकलेला, पण तिच्या खांद्यांत काहीतरी बदललेलं होतं. लांजेवार उठून उभे राहिले.

"झालं?"

"झालं काका. ऑर्डर मिळाली."

"काय विचारलं?"

"जजबाई होत्या. फार नाही विचारलं. काय झालं ते विचारलं, पट्टा बघितला, फोनवरचा डॉक्टरचा रिपोर्ट बघितला. मग म्हणाल्या, तुला काय हवंय?" हिमानी थांबली. "मला एकदम सुचेचना. मी उभीच राहिले. त्या म्हणाल्या, घाई नाही, विचार कर. पण काका, मला हे कुणी विचारलंच नव्हतं. निमिषनं नाही, सौमित्रदादांनी नाही, तुम्हीही नाही. म्हणून तयारीच नव्हती."

लांजेवारांनी रविवार आठवून बघितला. पहिल्यापासून, गवारीपासून. त्यांनी निमिषला बोलतं केलं होतं, सौमित्रचं ऐकलं होतं, मग स्वतः उभे राहून ठरवलं होतं आणि बायकोनं त्यात भर घातली होती. चांगलंच ठरवलं होतं. पण हिमानी त्या टेबलावर एक शब्दही बोलली नव्हती, आणि ते त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

"मग काय सांगितलंस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"म्हटलं, घराची किल्ली हवी." ती हसली, थोडं ओशाळून. "त्यानं मला कधी दिलीच नाही. म्हणायचा, तुला कुठं जायचंय? ते दार आपोआप लॉक होतं ना. खाली कचरा टाकायला गेले तरी दारात चप्पल अडकवून जायचे मी. दोन वर्षं."

बाकावरची आजी नातवाला थोपटत होती. लांजेवार कागदाकडं बघत राहिले, त्यावर काय लिहिलंय ते त्यांना दिसत नव्हतं.

"ते लिहून दिलंय त्यात," हिमानी म्हणाली. "तो बाहेर राहील, मी आत. तीन वाजता पोलिस डेप्युटी येईल माझ्याबरोबर, किल्ली घ्यायला."

"अगं, पण लगेच कशाला? काकूनं वरची खोली लावलीय तुझ्यासाठी. निदान आठ दिवस—" आणि ते थांबले. वाक्य तोंडातच ठेवून त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "बरं. तू सांग. तुला कुठं जायचंय?"

"माझ्या घरी."

"एकटी?"

"हो."

"मी सोडतो."

"दारापर्यंत, काका," हिमानी म्हणाली. "आत माझी मी जाईन."